फेसावरून भांडण

गाडी शिकवणाऱ्या बाईंना सगळे ब्रेकताई म्हणत. शिकणारा स्टिअरिंगवर, शेजारच्या सीटवर ताई आणि त्यांच्या पायाखाली जादा ब्रेक. तो त्या इतक्यांदा दाबत, की गाडी चालतेय की उचक्या देतेय तेच कळत नसे. घरी नवऱ्याने बोलायला तोंड उघडलं, की तिथेही ताईंचा ब्रेक लागलाच म्हणून समजा.

नवरा घरीच कपडे शिवायचा आणि संडास-बाथरूम घासणं त्याच्याकडे होतं. एका सकाळी संडासातून ताईंची आरोळी आली, "अहो, किती साबण ओतता? कमोडमध्ये नुसता फेस झालाय!"

"अगं, कालच पाणी मारून मारून धुतलंय," गळ्यात टेप अडकवलेला नवरा दाराबाहेरून म्हणाला.

"मग हा काय आभाळातून पडला?"

त्याने साबण बंद केला, तरी फेस आला. ब्रश बदलला, तरी आला. ताईंची बोलणी तर येतच होती. शेवटी त्याचं डोकं फिरलं. तो आत जाऊन आला आणि छाती काढून म्हणाला, "माझ्या वेळी येत नाही फेस. ये, बघ हवं तर!"

"शी! काहीतरीच तुमचं."

पण ताईंच्या डोक्यात किडा वळवळू लागलाच. अलीकडे संध्याकाळी चपलेचा पट्टा सुजल्या पायात रुतायचा. तपासून घेतलेलं बरं, म्हणून त्या लॅबमध्ये बाटली देऊन आल्या. रिपोर्टात लिहिलं होतं, लघवीत प्रोटीन.

ताई खूश. "बघा! माझ्या अंगात ताकद इतकी, की उतू जातेय. तुमच्यात असेल तर फेस येईल ना!"

नवऱ्याला ते इतकं लागलं, की त्या दिवशी तो दोन अंडी जास्त घेऊन जेवायला बसला.

डॉक्टरीणबाईंनी मात्र ताईंची हवाच काढली. "उतू जात नाही हो, गळतंय. मूत्रपिंड म्हणजे रक्ताची गाळणी. प्रोटीन रक्तातच राहायला हवं. गाळणी बिघडली, की ते लघवीत उतरतं आणि फेस येतो. दुखत काही नाही, म्हणून कळतही नाही. कधी ताप येऊन गेला तरी तात्पुरतं दिसतं, म्हणून पुन्हा तपासू. सकाळची पहिली लघवी आणा."

त्यांनी रक्तदाब मोजला. तो चांगलाच चढलेला होता.

"दुखण्याच्या गोळ्या घेता?"

ताई छताकडे बघू लागल्या. नवऱ्याला इतक्या वर्षांत पहिल्यांदाच सलग बोलायची संधी मिळाली. "गुडघ्यासाठी घेते की! दुकानातून आणते आणि शेंगदाण्यासारख्या खाते."

"आजपासून बंद. त्या मूत्रपिंडाला मारतात."

घरी आल्यावर ताईंनी शक्कल लढवली. दुसऱ्या तपासणीआधी त्यांनी तांब्यावर तांब्या पाणी ढोसलं. रात्रभर खेपा घातल्या. सकाळी बाटलीत पाण्यासारखं निर्मळ, फेसाचा मागमूस नाही. ताई मनातल्या मनात नाचल्या.

रिपोर्ट बघून डॉक्टरीणबाई हसल्या. "पाणी बरंच प्यायलेलं दिसतंय. पण ही तपासणी तेवढ्याने फसत नाही. यात प्रोटीन लघवीतल्या दुसऱ्या एका घटकाशी ताडून बघतात. लघवी पातळ झाली, की दोन्ही सारखीच पातळ होतात."

ताईंची चोरी पकडली गेली, तीही नवऱ्यादेखत. मग औषध सुरू झालं. रक्तदाब उतरवणारं आणि गळतीही कमी करणारं. मीठ कमी झालं. पहिल्या आठवड्यात ताई प्रत्येक घासाला तोंड वाकडं करत होत्या. नवऱ्याच्या ताटातून चोरून खाल्लं, तर त्यानेही तेच अळणी घेतलेलं! काही महिन्यांनी प्रोटीन निम्म्यावर आलं. पूर्ण गेलं नाही, तपासण्या चालूच राहणार होत्या, पण पायांची सूज ओसरली होती.

ताईंना आता एक नवंच खूळ लागलं. गाडी शिकवताना त्या कुणालाही विचारू लागल्या. असेच एक साहेब जीव मुठीत धरून चौकात वळण घेत होते.

"साहेब, सकाळी फेस येतो का हो?"

"ब्रश करताना ना? येतो की."

"अहो, तो नव्हे! खालचा!"

गाडी फुटपाथवर चढली. तिथेच ताईंनी गाळणीपासून लॅबपर्यंत सगळं सांगून टाकलं. दुसऱ्या दिवशी साहेब वेळेआधीच आले, इकडेतिकडे बघितलं आणि हळूच म्हणाले, "ताई, ती लॅब नक्की कुठे आहे?"