उटकटारीची मुळी

उटकटारी मी पहिल्यांदा पाहिली ती मुलुंडला, आमच्याच घरात, वर्तमानपत्राच्या कागदात. ऐंशीच्या दशकाची सुरुवात असेल. बायकोला नववा लागला होता. समोरच्या बिऱ्हाडातल्या मावशी माणदेशात माहेरी जाऊन आल्या, त्या हे वाळलेलं झुडूप घेऊनच. काटेरी चेंडूसारखं फूल, त्याचा निळसर रंग उडालेला, आणि खाली बोटभर मुळी. पाणी नसलेल्या माळावर हे उगवतं आणि उंट ते आवडीनं खातात, असं मला शब्दकोशात सापडलं. मुलुंडला त्याचं काय काम, ते मावशींनी सांगितलं.

"कळा लागल्या की मुळी हिच्या केसांत बांधायची. सुखानं मोकळी होती बाई. पर पोर भाईर आलं की त्याच घडीला सोडायची. ऱ्हायली तर मागनं समदंच वढून काढती."

"मग नर्सिंग होमला टाळंच लावू या की," मी म्हणालो.

"हसा, भाऊ. तुमास्नी कुठं बाळंत व्हायचंय?"

नुकतंच सोसायटीच्या गणेशोत्सवात मी अंधश्रद्धेवर भाषण दिलं होतं. मूर्तीकडे पाठ करून बोललो आणि शेवटी तिच्यासमोरच शाल-नारळ घेतला. त्यात काही विसंगत आहे असं मला वाटलं नाही. टाळ्या चांगल्या पडल्या होत्या.

एका दुपारी कळा सुरू झाल्या. मावशींनी मुळी अंबाड्यात बांधून दिली. रिक्षात माझं लक्ष तिकडेच.

"डॉक्टरीणबाई काय म्हणतील गं हे बघून?"

बायकोनं पदर डोक्यावरून ओढून घेतला.

तासाभरात मुलगी झाली. सांगायला आलेली नर्स लगेच आत पळाली. परत आली तेव्हा तिच्या हातात चिठ्ठी होती. "रक्त थांबत नाहीये. रक्तपेढीतून ही बाटली घेऊन या, लवकर."

"सिस्टर, आधी केसांतली मुळी सोडा!"

"काय?"

"अंबाड्यात बांधलीय. सोडा ना ती!"

बाकावरची माणसं बघू लागली.

"अहो, मीच तिचे केस बांधलेत. काही नाहीये त्यात. तुम्ही रक्त आणा."

मी धावलो. संध्याकाळी रक्तस्राव थांबला.

तिसऱ्या दिवशी ती नीट बोलू लागली, तेव्हा मी विचारलं.

"रिक्षातून उतरतानाच काढून टाकली," ती म्हणाली. "तुम्हाला लाज वाटली असती."

"तुझा विश्वास होता त्यावर?"

"काय माहीत. पण आत तर मी एकटीच जाणार होते ना."

मुलीला पदराखाली घेत ती म्हणाली, "मावशी विचारतील. वेळेवर सोडली म्हणून सांगा."

घरी आल्यावर मी तसंच सांगितलं. मावशींनी मायलेकींची दृष्ट काढून बोटं मोडली. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "ऐकलंत, भाऊ, बरं केलंत."