सुधाताईची कोळंबीची पट्टी

कळव्याहून भाच्याचा फोन आला, तेव्हा मी डोंबिवलीला घरीच होते. "मावशी, आई गेली गं," एवढंच म्हणाला. मला रडूही येईना. आजारपण फार लांबलं होतं. सुधाताई थकली होती आणि तिच्याबरोबर आम्हीही...

माझी ही थोरली बहीण एका प्रयोगशाळेत संशोधक होती. ऐंशीच्या दशकात तिने एकच ध्यास घेतलेला, कोळंबीच्या सालांपासून भाजलेल्या जखमेवर लावायची पट्टी करायची. ठाण्याच्या बाजारात कोळणी हसायच्या, "अगो बाय, कोलबी सोरून सालां कनाला नेतस?" ताईही हसायची आणि पिशवी भरून घ्यायची. सालं आम्लात, मग क्षारात धुऊन त्यांची पांढरी भुकटी करायची, ती विरघळवून काचेवर पसरायची. वाळली की कांद्याच्या पापुद्र्यासारखी पट्टी सुटून यायची. म्हणजे आली तर! बहुतेक वेळा फाटायचीच. अशी कितीतरी वर्षं गेली.

नव्वदच्या सुमारास आमच्या शेजारचे मोरेभाऊ कारखान्यात भाजले. डॉक्टरांनी घरच्यांची परवानगी घेऊन त्यांच्या दंडावर, जिथे जखम फार खोल नव्हती तिथे, तळहाताएवढ्या जागेत ताईची पट्टी लावून पाहिली. तेवढी जागा चिघळली नाही. काही दिवसांनी तिथे गुलाबी, कोवळी कातडी आली. पण बाकीच्या अंगात संसर्ग पसरला आणि मोरेभाऊ गेले.

त्या दिवशी ताई इस्पितळातून थेट माझ्याकडे आली. समोरचा चहा निवून गेला. "डॉक्टर म्हणाले, मॅडम, तुमची पट्टी चालली," ती म्हणाली. "कुणाला सांगू गं मी हे?"

पुढे प्रयोगशाळेने तो विषयच बंद केला. ताई नेमून दिलेलं दुसरं काम करत राहिली. पट्टीचं नाव तिने पुन्हा काढलं नाही, कुणी विचारलंच तर म्हणायची, "माणूस कुठे वाचला?"

परवा मोरेवहिनी भेटायला आल्या. म्हणाल्या, "यांच्या अंगाला कुठेही हात लागला की ओरडायचे हो. मला जवळ बसायचीसुद्धा भीती वाटायची. नर्सबाई म्हणाल्या, पट्टी होती ना, तिथे ठेवा हात, तिथे नाही दुखणार... शेवटपर्यंत तिथेच हात ठेवून बसलेली मी. सुधाताईंना हे सांगायचं राहूनच गेलं."