टाळी वाजेपर्यंत उठायचं नाही

त्या रविवारी समाजाच्या हॉलात कोण कोण होतं ते आधी सांगते, कारण नंतर गल्लीतले बठ्ठेच, म्हणजे सगळेच, म्हणायला लागले की आम्ही पहिल्यापासून तिथंच होतो. नाटक शिकवणाऱ्या ताई होत्या, त्या दर रविवारी धुळ्याहून एसटीनं जळगावला यायच्या. दुकानातून मोबाईल उचलताना सापडलेला एक पोरगा होता. घरातून पळून भुसावळ स्टेशनात सापडलेली एक पोरगी होती, तिची जीभ कात्रीसारखी. शाळा सोडून पानटपरीवर बसणारे दोघं भाऊ होते. माझा नातू होता. आणि कोपऱ्यात भिंतीला टेकून मी. बाकी जे आले ते माझा आवाज ऐकून आले.

नातवाची आई काविळीनं गेली तेव्हा तो अंगणवाडीत जात होता. बाप, म्हणजे माझा मुलगा, सुरतेला लूमवर कामाला गेला आणि तिकडंच त्यानं दुसरं घर केलं. नवरा माझा त्याच्या आधीच गेलेला. मी डाळ मिलमध्ये डाळ निवडून नातवाला वाढवलं. त्यात सांगण्यासारखं काही नाही. डाळ निवडायची, खडा बाजूला टाकायचा, संध्याकाळी भिंतीला धरून पाठ सरळ करायची. हात चालत होते तोवर चाललं.

नववीत पोरगा बिघडला. बोलणं बंद झालं, शाळा बंद झाली. दोन मोठ्या पोरांच्या संगतीनं त्यानं आबांच्या मळ्यातली मोटारीची केबल कापली. आबा म्हणजे आमच्याच गल्लीच्या टोकाला राहणारे, केळीवाले. केबलीतली तांब्याची तार भंगारात विकायची होती. लोक आले तशी मोठी पोरं पळाली, आणि हा तिथंच केबल नीट गुंडाळत बसला. लहानपणापासून तसा नेटका आहे.

आबांनी कंप्लेंट केली. लहान पोरांचं वेगळं कोर्ट असतं. तिथं सांगितलं की पोराला तूर्त आजीकडं राहू द्या, दर रविवारी या नाटकाच्या वर्गाला बसवा, आमच्या मॅडम येऊन बघतील. सुधारणा दिसली नाही तर सुधारगृहात पाठवावा लागेल. ते बाहेरगावी. मी म्हटलं, बसवते. मी त्याच्या मागोमाग जाऊन दाराजवळच्या कोपऱ्यात बसायची. मला वाटायचं, दारापाशी मी असले तर हा निसटणार नाही.

नाटक म्हणजे पडदा असेल, राजा असेल असं मला वाटलं होतं. इथं काहीच नव्हतं. नसलेला हंडा डोक्यावर घेऊन पोरगी चालायची, आणि तो कलंडला की बठ्ठे पाय वर घ्यायचे. एकदा त्यांनी मलाही नसलेला चहा दिला. मी म्हटलं, "बिनसाखरेचा असेल तरच घेते, मला शुगर आहे." ताई म्हणाल्या, "आजी, किती छान खेळलात." मी खेळले नव्हते.

ताईंचे नियम दोन. समोरचा जे बोलेल त्याला नाही म्हणायचं नाही, हो म्हणायचं आणि आपलं काही वर जोडायचं. आणि त्यांची टाळी वाजेपर्यंत काही झालं तरी खेळ सोडायचा नाही. पोरं या नियमांना फार जपायची. त्यांना आजवर कोणी हो म्हटलेलंच नव्हतं.

माझा नातू मात्र भिंतीकडं तोंड करून बसायचा. कोर्टाच्या मॅडम एकदा येऊन बघून गेल्या होत्या. मला बाहेर बोलावून म्हणाल्या, "आजी, तुमचा नातू काही करतच नाही हो. पुढच्या वेळी असाच दिसला तर मला तसंच लिहावं लागेल." मी त्याला घरी सांगितलं, बाबा रे, दोन शब्द तरी बोल. तो भाकरी खात होता. खात राहिला.

त्या रविवारी मॅडम परत येणार होत्या. ताईंनी पोरांना विचारलं, "आज कुठली जागा खेळायची? बाजार, दवाखाना, काय?"

पळून गेलेली पोरगी म्हणाली, "मयत."

ताईंना नाही म्हणता येईना, नियम त्यांचाच. मयत कोणाचं, तर म्हाताऱ्या आजोबांचं. आजोबा कोण होणार? कोणी तयार होईना. तेव्हा ताई माझ्या नातवाला म्हणाल्या, "तू हो. यात बोलायचं काही नाही. नुसतं पडून राहायचं. टाळी वाजेपर्यंत उठायचं नाही." तो गेला आणि सतरंजीवर आडवा झाला. वर्गात त्यानं केलेलं ते पहिलं काम. पोरांनी त्याच्यावर हॉलातलं टेबलावरचं पांढरं कापड घातलं, नाकात कापूस घातला. फार मन लावून केलं त्यांनी.

मंग रडणं सुरू झालं. ते टीव्हीतल्या सिरीयलसारखं. मधेच थांबायचं, केस मागं घ्यायचे, परत रडायचं. माझ्या तोंडून निघून गेलं, "अशानं मेलेला माणूस जागचा हलायचा नाही."

"मग या ना आजी," ताई म्हणाल्या. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. मॅडम स्कूटीवरून आल्या होत्या आणि त्यांना गल्ली सापडत नव्हती. ताई म्हणाल्या, "मी त्यांना घेऊन येते. तुम्ही चालू ठेवा, मधे थांबू नका."

मी उशाशी बसले, पदर पुढं ओढला आणि आजोबांसाठी आवाज काढला. आमच्याकडं मयताला बाया सुरात रडतात आणि त्यात माझा आवाज गल्लीत पहिला धरतात. दोन ओळी बऱ्या गेल्या. मंग मी खाली बघितलं. कापूस घातलेलं ते तोंड माझ्या पोराचं होतं. आजोबा कुठल्या कुठं गेले.

"मना राजा रे, माले सोडीसन कोठे गया रे. तुनी भाकर आते कोना ताटमा वाढू रे."

त्याची आई गेली तेव्हा मी रडले नव्हते. पोरगं भुकेलं होतं, पीठ मळायचं होतं. ते राहिलेलं बठ्ठं त्या दिवशी आलं. डोळे मिटलेले होते, मला काही दिसत नव्हतं. गळ्यात कोणाचे तरी हात पडले आणि दुसरा आवाज मिळाला. शेजारीण होती, हाताला कणीक तशीच. मंग तिसरी आली, चौथी आली. मला वाटलं, ताईंनी जास्तीच्या बाया बोलावल्या. व्यवस्था चांगली केली.

शेजारणीनं त्या पोरीला विचारलं, "कसं व्हयनं वं हे?"

पोरगी नियमाला पक्की. नाही म्हणायचं नाही. ती म्हणाली, "काय सांगू काकू. पाणीसुद्धा मागितलं नाही."

"सकाळी तं नळावर उभा व्हता."

"हो ना," टपरीवरचा थोरला म्हणाला, "आणि नळाला पाणीही आलं होतं."

हे ऐकून बाया अजून मोठ्यानं रडल्या. दारात पुरुष जमले. एकानं बांबूला माणूस पाठवला, एकानं धुळ्याला माझ्या लेकीला फोन लावला. मयताच्या घरी चूल पेटत नाही म्हणून समोरच्या घरात पिठलं टाकलं गेलं. आमच्या गल्लीत गटार तुंबली तर कोणी हलत नाही, पण मयत झालं की कोणाला सांगावं लागत नाही.

आणि नातू? त्याला बठ्ठं ऐकू येत होतं. पण टाळी वाजली नव्हती. आयुष्यात त्यानं पाळलेला हा पहिला नियम, आणि तो असा पाळला की कपाळावर माशी बसली तरी हलला नाही.

मंग आबा आले. बाया सरकल्या. आबांनी टोपी काढली आणि पायाशी उभे राहिले. मेलेल्याच्या पायाशी वाईट बोलत नाहीत, आणि गप्प उभं राहणंही बरं दिसत नाही, म्हणून ते बोलले.

"पोरगा वाईट नव्हता," आबा म्हणाले. "वायरीचं काय, वायर दुसरी येते. मीच ताणलं उगाच. आज हा उठून बसला असता ना, तं उद्याच्या उद्या मी स्वतः जाऊन सांगितलं असतं, माझं काही म्हणणं नाही, सोडा पोराला."

बायांनी "हो वं माय" म्हणून सूर धरला. आबांनी डोळे पुसले. ते खोटं नव्हतं, मी पदराआडून बघितलं.

तेवढ्यात दारात ताई आणि मॅडम. मॅडम ज्या पोराला बघायला आल्या होत्या तो पांढऱ्या कापडाखाली. त्यांनी चौकट धरली. ताईंनी एकदा गर्दी बघितली, एकदा मला बघितलं, आणि काय सुचलं त्यांना, त्यांनी टाळी वाजवली.

नातू उठून बसला. नाकात कापूस तसाच. म्हणाला, "आबा, उद्या कितीला जायचं?"

त्या हॉलात त्यानं काढलेला पहिला शब्द तो.

शेजारीण माझ्या अंगावर कलंडली. बांबू घेऊन आलेला माणूस दारातूनच बांबूसकट मागं फिरला. आबा मटकन खाली बसले. पहिली हसली ती पळून गेलेली पोरगी, आणि तिला आवरेना. ताई बठ्ठ्यांसमोर हात जोडून हे नाटक होतं, नाटक होतं असं सांगत फिरत होत्या. त्यांचं कोणी ऐकत नव्हतं.

आबांना श्वास आला तसे ते चिडले. "ही फसवणूक आहे. मी मेलेल्याशी बोललो. जित्याशी बोललो नाही."

शेजारीण शुद्धीवर येत म्हणाली, "आबा, पायाशी उभं राहून बोलले तुम्ही. आता शब्द फिरवाल तं बरं नाही होणार."

"कोणाचं?"

"तुमचंच."

मॅडम शहाण्या बाई. त्यांनी भिंतीला टेकून पाणी मागितलं, प्यायल्या, आणि शांतपणे विचारलं, "आबा जे बोलले ते कोणी कोणी ऐकलं?" बठ्ठी गल्ली हो म्हणाली. नियम न शिकता.

पिठल्याचा प्रश्न राहिला, तो संध्याकाळपर्यंत चालला. बाया म्हणाल्या, मयतच झालं नाही तं मयताचं पिठलं खायचं कसं. मोबाईलवाला पोरगा म्हणाला, "मयत आम्हीच केलं, आम्हीच खातो," आणि पोरं खायला बसली. नातू मधोमध. तो दुसरी भाकरी मोडत होता तेव्हा धुळ्याहून माझी लेक आली. तिला खरं कळवायचं कोणाला सुचलंच नव्हतं, एसटीत बसल्यापासून रडत होती. एरंडोलला शेजारच्या बाईनं तिला गोळी दिली होती डोकेदुखीची. तिनं भाच्याला बघितलं, त्याच्या पाठीत दोन धपाटे घातले, आणि मंग त्याच्या गळ्यात पडून परत रडली. तो म्हणाला, "आत्या, भाकरी सांडतेय." एका दिवसात इतकं बोलला तो.

आबा दुसऱ्या दिवशी गेले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. पण गल्लीत बाया त्यांना बघून गप्प व्हायला लागल्या, आणि त्यांच्या घरात कोणाला तरी ताप आला. मंग गेले. मी आणि नातू बरोबर होतो. कोर्टात साहेबांनी विचारलं, "आबा, तुम्ही तक्रारीचा विषय कधी सोडून दिला?"

आबा म्हणाले, "पोरगा मेला तेव्हा."

साहेबांनी पोराकडं बघितलं. पोरगा म्हणाला, "हो, आणि मी तिथंच होतो." मॅडमना सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. साहेब हसले नाहीत, पण पेन बराच वेळ तोंडाशी धरून बसले.

पोरगा माझ्याकडं राहिला. अट एकच घातली, हा वर्ग चुकवायचा नाही. मला वाटलं, यात काय अवघड. पण समाजाच्या हॉलाची किल्ली आता मिळत नाही. मयत नसताना तिथं रडणं झालं, लग्नाची जागा आहे, लोक म्हणतात शकुन बिघडला. मी त्यांना दोष देत नाही, रडले तर मीच.

आता पोरं शाळेच्या कुंपणाबाहेर निंबाखाली बसतात. सध्या चालून जातं. पण जळगावचं ऊन तुम्हाला माहीत आहे. चैत्र लागला की दुपारी तिथं कुत्रंही थांबत नाही. पोरं एकेक करून यायची बंद होतील, वर्ग बंद पडेल, आणि अट मोडली की नातवाला नेतील. तो आता घरात बोलतो. परवा मला म्हणाला, "मोठी माय, भाकरी करपली." बऱ्याच वर्षांनी कोणी माझ्या भाकरीला नाव ठेवलं.

म्हणून हे वाचणाऱ्याला सांगणं आहे. तुमच्याकडं एखादी खोली रिकामी असेल, गोडाऊन असेल, दुकानाच्या वरची जागा असेल, तर रविवारी दुपारी दोन तास द्या. पंखा असला तर बरं, नसला तरी चालेल. झाडून मी देईन. सामान काही आणत नाहीत पोरं, त्यांना नुसती जमीन आणि सावली लागते. जागा असली तर जळगावात कोणालाही विचारा, मयत उठून बसलं ती गल्ली कुठली. सांगतील. येऊन कळवा.