शिवला

मैदान आखायच्या फक्कीचा वास आला की नव्वदीतला आटपाडीकडचा तो कबड्डीचा सामना आठवतो. शेवटच्या चढाईला गावकुसाबाहेरच्या वस्तीतला गडी आला आणि त्यानं माझ्या दंडावर अशी थाप मारली की चार बोटं उठली. पंचांनी विचारलं, "शिवला का रं?" उठलेली बोटं तळव्यानं झाकून मी म्हणालो, "न्हाई शिवला!" आमचे सगळेच तसं म्हणाले. त्यांचा संघ हरला. घसा कोरडा पडलेल्या त्या गड्यानं कडेच्या माठाला हात लावला, तशी आमचीच पोरं ओरडली, "शिवला! माठाला शिवला!" या खेपेला पंचांनी कुणालाच विचारलं नाही, लाथेनं माठ फोडला. जिंकलेली ढाल आजही माझ्या बैठकीत आहे. पाहुण्यांना मी ऐटीत सांगतो, त्या सामन्यात मला कुणी शिवलंच नाही.