ताईंसाठी लाइम ज्यूस

ऑस्ट्रेलियात सामने चालू होते तेव्हाची गोष्ट. सिंगापूरला ते सकाळी साडेअकराला लागायचे. तिथल्या क्वीन्सटाउन भागात मी एका चिनी विधवा बाईंच्या फ्लॅटमध्ये खोली भाड्याने घेऊन राहत होते. त्यांच्या टीव्हीवर क्रिकेट दिसत नसे. म्हणून रविवारी मी जवळच्या अलेक्झांड्रा भागात चालत जायचे. तिथे ऑफिसांच्या एका इमारतीखाली स्पोर्ट्स बार होता.

पहिल्यांदा गेले तेव्हा दारात जरा घुटमळले. पुण्यातले परमिट रूम मी फक्त बाहेरून पाहिलेले. दाराला जाड पडदा आणि बाजूला 'फॅमिली सेक्शन'ची पाटी. इथे पडदाच नव्हता. भिंतीच्या जागी उघडी काच, रस्त्यावरून जाणाऱ्यांना तुम्ही दिसणार, तुम्हाला ते. तोवर मला बिअरची ओळख झालेली होती ती ऑफिसमुळे. आमचा मॅनेजर जपानी. त्याच्याबरोबर जेवायला गेलं की आपला ग्लास आपण भरायचा नाही, शेजाऱ्याने भरायचा. आमच्या इमारतीखालच्या, बिअरही मिळणाऱ्या कॉफीशॉपमधले म्हातारे काका मोठी बाटली मध्ये ठेवून, ग्लासात बर्फ घालून, दुपारपासून निवांत बसलेले असत. त्यांच्याकडेही एकाची बाटली सगळ्यांच्या ग्लासात जायची. स्पोर्ट्स बारमध्ये मात्र ज्याचा ग्लास त्याचा. एकटं माणूस तिथे खपून जायचं. मला तेच हवं होतं. घटस्फोटाला दोन वर्षं झाली होती आणि रविवार फार लांब असायचा.

तिथली वेट्रेस एक चिनी आंटी होती. तिसऱ्या रविवारी तिने न विचारताच माझ्यासमोर बिअरचा छोटा ग्लास आणून ठेवला. त्या आठवड्यात माझ्यासाठी कुणी केलेली ती एकमेव गोष्ट होती.

चौथ्या रविवारी शेजारच्या टेबलावर तिघं येऊन बसले. तिशी-पस्तिशीचे, अंगात निळे टी-शर्ट, मध्ये बिअरचा मोठा जग. बोलणं मराठीत. माझे कान इतके आसुसले होते की सामना सोडून मी तेच ऐकत राहिले. ऑफिसातल्या साहेबाच्या नकला, शिव्या, खिदळणं. मग एकाचा आवाज खाली आला.

"ती बघ, एकटीच बसलीय. दुसरा ग्लास चाललाय."

"इंडियन वाटते रे."

"असेल दिल्लीबिल्लीची. आपल्याकडची नाही बसणार अशी."

मी टीव्हीकडे बघत राहिले. राग आला होता, पण उठून दुसरीकडे जावंसं वाटत नव्हतं. तेवढ्यात आपल्या क्षेत्ररक्षकाने अगदी हातातला झेल सोडला आणि माझ्या तोंडून मोठ्याने निघून गेलं, "अरे काय करतोस! हाताला लोणी लावलंय का?"

तिघांच्या माना माझ्याकडे वळल्या.

"ताई, तुम्ही मराठी?" त्यातला चष्मेवाला म्हणाला.

"हो. पुण्याची."

"सॉरी हं, ताई. आम्ही आपलं उगाच काहीतरी..." तो खरंच ओशाळला होता. "इकडे या ना. एकट्या कशाला बसताय?"

मी ग्लास घेऊन गेले. किती आनंद झाला होता, हे आज सांगायलाही लाज वाटते. त्यांनी खुर्ची ओढून दिली. मग एकाने जग उचलून हळूच खाली पायाशी ठेवला. दुसऱ्याने स्वतःचा ग्लास मेनूकार्डाच्या आड सरकवला. चष्मेवाल्याने आंटीला हाक मारली, "वन लाइम ज्यूस." मग माझ्याकडे वळून, "चालेल ना, ताई?"

माझा अर्धा ग्लास सगळ्यांसमोर टेबलावर होता. त्याच्याकडे कुणी पाहिलं नाही. मी म्हटलं, "चालेल."

"मिस्टर कुठे असतात?"

"वेगळे झालो आम्ही."

"अच्छा." मग एक जण म्हणाला, "पिच स्लो झालंय."

त्यानंतर शिव्या नाहीत, नकला नाहीत. चौकार गेला की तिघं जेमतेम टाळ्या वाजवायचे, देवळात वाजवाव्यात तशा. मी लाइम ज्यूस संपवला. बिअर तशीच कोमट होत राहिली. अर्धा सामना झाल्यावर "जरा काम आहे" म्हणून उठले. तिघंही उभे राहिले. काचेपर्यंत पोचते तोच मागून जग टेबलावर आदळल्याचा आवाज आणि मोकळं हसू ऐकू आलं.

घरी चालत जाताना बाबा आठवले. शनिवारी ते मला शेजारी बसवून सामना दाखवायचे, षटकं मोजायला लावायचे. मग कपाटातून बाटली निघायची आणि ते म्हणायचे, "जा, आता आत जा." कधी ओरडून नाही. उलट फार मायेने.

पुढच्या रविवारी मी मुद्दाम लवकर गेले, मोठं टेबल धरून बसले. येतील तेव्हा आधी मीच म्हणणार होते, जग वर ठेवा, मला काही वाटत नाही, मलाही त्यातलीच द्या. वाक्य घरी दोनदा म्हणूनही पाहिलं होतं. पहिली दहा षटकं संपली तरी कुणी आलं नाही. आंटीला विचारलं.

"काल फोन आला होता त्यांचा," ती तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली. "विचारत होते, ती लेडी येते का. मी सांगितलं, एव्हरी संडे लाह. मग म्हणाले, टेबल नको."

तिने ते सहज सांगितलं. त्यात काय लागण्यासारखं आहे, हे तिला कळायचं कारण नव्हतं. मी मोठं टेबल सोडून कोपऱ्यात गेले आणि सामना शेवटपर्यंत पाहिला. आपण जिंकलो. बार जवळजवळ रिकामाच होता.

संध्याकाळी आईचा फोन आला. "जिंकलो ना गं! कुणाबरोबर पाहिलास?"

"इथे आपली मराठी मुलं भेटलीत तीन," मी म्हटलं. "चांगली आहेत."

"बरं झालं बाई," आई म्हणाली. "मला काळजी वाटायची."