हलीमाची अर्धी वेल

पुसदच्या बाजारात जफरभाईंनी सव्वीस वर्षे संगणक दुरुस्त केले. जुन्या यंत्रणेतली उणीव भरून काढणारा छोटा प्रोग्राम, म्हणजे पॅच, बसवायचा असला की त्यांची रीत ठरलेली. आधी डिस्कची हुबेहूब नक्कल करायची, मूळ डिस्क फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवायची, आणि पॅच बसवायचा तो नकलेवर. एका वेळी एकच. "बिघडलं तं नक्कल बिघडते, तुमचं काई जात नाई," असं ते गिऱ्हाइकाला सांगत.

घरच्या संगणकाला मात्र त्यांचा हात क्वचितच लागला. १९९९ सालचा तो संगणक हलीमाचा, त्यांच्या बायकोचा. भरतकामाच्या नक्ष्या ती त्यावर एकेक ठिपका मांडून काढी. नवा घेऊ म्हटलं तर म्हणे, "मले याचीच सवय हाय." दोन वर्षांपूर्वी ती गेली. संगणकावर तिनेच शिवलेलं झाकण तसंच राहिलं.

यंदा मुलीचा, मुस्कानचा निकाह ठरला. ओढणीवर तिला अम्मीचीच नक्षी हवी होती. पण नक्षी संगणकातून बाहेर काढायला फ्लॉपी चालेना, आणि पॅचशिवाय ती जुनी यंत्रणा पेन ड्राइव्ह ओळखेना. नक्ष्या दुसरीकडे कुठेच नव्हत्या.

"आख्ख्या पुसदचे कंप्युटर सुधरवले तुमी, अब्बा. अम्मीचाच राह्यला," मुस्कान म्हणाली.

जफरभाईंनी संगणकावरचं झाकण उचललं. त्यांनी डिस्क काढली. नक्कल व्हायला दुपार गेली. मग मूळ डिस्क फडक्यात गेली, नकलेवर पॅच बसला, संगणक बंद करून पुन्हा चालू केला. पेन ड्राइव्ह दिसला.

एकेचाळीस नक्ष्या होत्या. चाळीस धड उघडल्या. शेवटची वेल डावीकडून पानाफुलांनी भरत मध्यापर्यंत आली होती. पुढे सगळं पांढरं.

"पॅचनं खाल्ली काय?" मुस्कानने हळूच विचारलं.

जफरभाईंनी मूळ डिस्क परत जोडली. तिथेही वेल अर्धीच. फाइलवरची तारीख हलीमाला इस्पितळात नेलं त्याच्या आदल्या दिवसाची होती.

त्या दिवशी ती दुकानात फोन करून म्हणाली होती, "अजी, माउस अडकून राह्यला. येऊन पाहा ना जरा." बाभुळगावचं एक गिऱ्हाईक समोर बसलं होतं. "उद्या पाहतो," असं सांगून त्यांनी फोन ठेवला होता.

"बाकीची मी काढू काय, अब्बा?"

"नको. हाय तेवढीच भर."

मुस्कान आत गेल्यावर त्यांनी माउस उलटा केला, खालची चकती फिरवून रबरी गोळी काढली. आतल्या चाकांना लाल रेशमाचे बारीक तंतू गुंडाळले होते. चिमट्याने ते एकेक काढून त्यांनी कागदावर ठेवले, गोळी परत बसवली, आणि माउस टेबलावर फिरवून पाहिला. कुठेच अडकला नाही. दोन मिनिटंही लागली नव्हती.