शंभर पावलांची तपासणी

त्या सकाळी मी एका हाताने दुधाखालचा गॅस बारीक करत होते आणि दुसऱ्या हातात मुलीची अर्धी वेणी होती. आमचे हे दुसरा मोजा सापडत नाही म्हणून कपाटाशी भांडत होते. तेवढ्यात दार वाजलं. बेल असताना दारावर टकटक करणारं माणूस आमच्या इमारतीत एकच, पहिल्या मजल्यावरचे मीटरकाका. आमच्या बेलचा दिवा लुकलुकतो, म्हणजे आत वायर सैल आहे, आणि सैल वायरच्या बटणाला ते बोट लावत नाहीत.

"ताई, वेळ आहे का? एक तक्रार होती," ते म्हणाले आणि रुमालात गुंडाळलेला फोन त्यांनी माझ्यापुढे धरला. फोन काकूंचा होता. वेणी तशीच सोडून मी त्यांना आत बोलावलं. दूध उतू गेलंच.

काकांनी चौतीस वर्षं वीज कंपनीत घरोघरी जाऊन मीटरचं रीडिंग घेतलं होतं. जिन्याखालच्या अंधाऱ्या खोल्या, जाळीमागची कोळिष्टकं, साखळी तोडायला निघालेली कुत्री, हे सगळं त्यांचं ऑफिस. नावं त्यांच्या लक्षात राहत नसत, घरं राहत. हिरव्या दाराचं घर, दोन फ्रिजवालं घर. कुणाकडे बाळ झालं, कुणाचा मुलगा शिकायला बाहेर गेला, हे ते आकड्यावरून ओळखत आणि बहुतेक वेळा ते खरं निघे. एकदा शिडीवरून पडून गुडघा कायमचा धरला, तरी निवृत्तीच्या दिवसापर्यंत त्यांनी एकही घर 'दार बंद' असं खोटं लिहून टाळलं नाही. हे मला काकूंनी सांगितलं होतं, कौतुकाने नव्हे, तक्रार म्हणून.

काकू त्याच काळात घरी मशीनवर शाळांचे गणवेश शिवत. बसून बसून अंग धरलं, साखर वाढली आणि डॉक्टरांनी रोज सहा हजार पावलं चालायला सांगितली. दुसऱ्या शहरात राहणाऱ्या लेकीने आईला नवा फोन पाठवला. त्यात पावलं मोजायची सोय आयतीच होती. काकांना घबाड सापडल्यासारखं झालं. एक वही आली, तिच्यात तीन रकाने आले. मागचं रीडिंग, आजचं रीडिंग, फरक. संध्याकाळी सातला ते चष्मा लावून काकूंपुढे उभे राहत आणि हात पुढे करत.

"जन्मभर गावाची मीटरं वाचली," काकू म्हणायच्या, "एक मीच राहिले होते."

तर त्या सकाळची तक्रार अशी की तीन आठवड्यांपासून रीडिंग उतरत होतं. सहा हजारांचं पाच झालं, पाचाचं साडेचार, काल तर तीन हजार दोनशे. वाट तीच, इमारतीपासून बागेच्या टोकापर्यंत आणि परत. गुडघ्यामुळे काका स्वतः चालत नसत. बागेच्या फाटकाशी बाकावर पेपर वाचत बसायचे आणि काकू परत आल्या की दोघं मिळून घरी यायचे.

"आणि वेळ बघा ताई. आधी पन्नास मिनिटांत यायची, आता सव्वा तास लागतो. वेळ जास्त आणि रीडिंग कमी. मीटर स्लो झालंय."

मला हे पटलं. खरंच पटलं. मी बी.एस्सी. झालेली बाई. इमारतीत कुणाच्याही फोनला काही झालं की तो माझ्याकडे येतो, आणि मलाही ते आवडतं. मी चष्मा लावला आणि फोनच्या आत शिरले. शारीरिक हालचालींची परवानगी चालू होती. बॅटरी वाचवायची सोय कुणीतरी चालू करून ठेवली होती. तिच्यामुळे मागे चालणारी कामं बंद पडतात, म्हणून ती मी काढली. फोन बंद करून पुन्हा चालू केला. मग म्हटलं, काका, आता तपासून बघू. शंभर पावलं मोजून चाला.

आमच्या दारासमोरचा पॅसेज लांब आहे. काका लंगडत, तोंडाने मोजत, एकदाही न थांबता चालले. फोनने अठ्ठ्याण्णव दाखवली. त्यांचा चेहरा पडला. तक्रार खोटी ठरणं त्यांना आवडलं नाही. मग ते म्हणाले, ज्याचं कनेक्शन त्याच्यासमोर तपासणी व्हायला हवी. आणि त्यांनी जिन्यातून काकूंना हाक मारली.

काकू एकच मजला चढून वर आल्या. मधल्या वळणावर माझ्या कुंड्या आहेत, तिथे त्या थांबल्या. बराच वेळ थांबल्या. कठड्याला धरून म्हणाल्या, "या कुंडीला पाणी जास्त होतंय गं तुझ्या." मी वरून म्हटलं, हो का, बघते. कुंडी तर कोरडी ठणठणीत होती. मला ते दिसत होतं आणि तरी मी बघते म्हटलं.

मग त्यांनी शंभर पावलं टाकली. थोडं चालल्या आणि चप्पल सारखी करायला थांबल्या. पुन्हा चालल्या, खिडकीतून कुणाची गाडी आली ते पाहिलं. माझ्या मुलीला विचारलं, वेणी अशी अर्धीच का. शंभर झाली तेव्हा फोनवर एकेचाळीस होती.

काका खूश झाले. "माझ्या हातात बरोबर, हिच्या हातात चूक. मीटर नाही, हिची धरायची पद्धत चुकीची आहे."

सगळ्यांना आत बसवून मी फोनमधली मदतीची माहिती उघडून मोठ्याने वाचून दाखवली. उगाच हललेला हात मोजला जाऊ नये म्हणून सलग आठ-दहा पावलं पडल्याशिवाय मोजणी सुरूच होत नाही, असं तिथे लिहिलं होतं. आम्ही सगळे हसलो. माझे हे तर म्हणाले, काकू, तुम्ही वाटेत भेटेल त्याची चौकशी करता, फोन बिचारा काय करणार.

"खरंय बाबा," काकू म्हणाल्या, "तोंड चालू झालं की पाय थांबतात माझे."

त्याही हसत होत्या. वरचा ओठ घामाने ओला होता. सकाळचे आठ वाजले होते आणि पंखा डोक्यावर होता.

मी सल्ला दिला की फोन हातात धरू नका, खिशात ठेवा. काकूंनी त्याच दिवशी कपड्याच्या आतून खिसा शिवला, दुहेरी शिलाईचा. आकडा उतरतच राहिला. मग काकांनी कुठूनसं ऐकलं की फोन पायाला बांधला तर मोजणी पक्की होते. काकूंनी इलॅस्टिकचा पट्टा शिवला. पोटरीला फोन बांधून त्या जिना उतरताना मला दिसल्या, तेव्हा म्हणाल्या, "बघ, म्हातारपणी पैंजण घातलं मला." पुढच्या आठवड्यात काकांनी रोज बोल लावायला सुरुवात केली. आज सव्वीसशेच. आज दोन हजारच. तू चालतेस की बागेत सभा भरवतेस? काकू उत्तर देत नसत, आणि काका त्यालाच कबुली समजत. लेकीचा फोन आला की ते तिलाही सांगायचे, तुझा फोन बदलून मिळतो का बघ.

एका मंगळवारी सकाळी काकू मशीनपुढे बसल्या आणि उठल्या नाहीत. पाय पॅडलवर, एक बाही सुईखाली. मी खाली धावले तेव्हा काका त्यांचे खांदे धरून उभे होते आणि मला सारखं सांगत होते की नऊ वाजता बागेत जायचंय, नऊ वाजता जायचंय.

डॉक्टर म्हणाले, हृदय काही महिन्यांपासून थकत आलं असणार. चार पावलं टाकली की दम लागत असेल, वाटेत थांबावं लागत असेल. कुणाच्या लक्षात आलं नाही का? त्यांनी ते रागावून विचारलं नव्हतं. तरी खोलीतलं कुणीच त्यांच्याकडे पाहिना.

लेक आली. ती धड रडलीही नाही, बाबांनाच सांभाळत राहिली. भेटायला येणाऱ्यांपुढे काका तेच घेऊन बसायचे, रीडिंग उतरत होतं हो, रोज उतरत होतं, मी लिहीत होतो. आणि लेक त्यांचा हात धरून म्हणायची, "बाबा, फोनच बिघडला होता. तुम्हाला कसं कळणार?" मग ती माझ्याकडे बघायची. फोन तपासणारी मी. मी 'हो' म्हणून मान हलवायचे. एकदा नाही, निदान दहा-बारा वेळा हलवली असेल. चांगलंच करतेय असं मला वाटत होतं.

लेक परत गेली, माणसांची ये-जा थांबली. त्यालाही आठवडा झाल्यावर एका सकाळी मी काकांना चहा द्यायला खाली गेले. दार उघडंच होतं. काका पुढच्या खोलीत चालत होते. काकूंचा फोन पोटरीला पट्ट्याने बांधलेला. पाच-सहा पावलं टाकायचे, थांबायचे, भिंतीला हात लावून तोंडाने श्वास घ्यायचे आणि पुन्हा पाच-सहा. मला वाटलं त्यांनाच काही होतंय. मी चहा ठेवून धावले, तर त्यांनी हाताने थांबवलं. ओठ मोजत होते. शंभर पुरी करूनच ते बसले.

"तिच्यासारखा चाललो," ते म्हणाले. "बघा."

फोनवरचा आकडा जागचा हलला नव्हता. मग ते उठले, तीच शंभर पावलं सलग टाकली आणि फोन पोटरीवरून सोडवून माझ्या हातात दिला. नव्याण्णव वाढली होती.

मी म्हणायला लागले की काका, आपल्याला सगळ्यांनाच फोनचा दोष वाटला. त्यांनी 'नाही' म्हणून मान हलवली. नव्या माणसांना काम शिकवताना ते पहिल्या दिवशी काय सांगत, ते त्यांनी मला सांगितलं. आकडा उतरला तर आधी घराकडे बघायचं. माणसं आहेत का, कुणी आजारी आहे का, एखादी खोली बंद झालीय का. सगळं बघून झालं की मग मीटरला हात लावायचा. "परक्यांच्या घरी मी असंच केलं," ते म्हणाले. मग चहाचा कप त्यांनी बाजूला सारला.

"तुमच्या पॅसेजमध्ये एकेचाळीस आली होती ना, ताई. म्हणजे तेवढीच सलग चालली ती. बाकीची एकोणसाठ..."

मला त्या कठड्यावरचा काकूंचा हात दिसत होता.

लेक रोज संध्याकाळी फोन करते आणि रोज म्हणते फोन बिघडला होता, असं त्यांनी सांगितलं. तिचा त्यांच्यावर राग नाही, तिचं मन मोठं आहे. मी म्हटलं, काका, तेच मनात धरा ना, त्रास कमी होईल. तेव्हा ते पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहून बोलले.

"तुमची काकू तोंडाने काही बोलली नाही. बोलायला मी जागाच ठेवली नव्हती. तिच्या बाजूने बोलत होता तो एक फोन. त्यालाही खोटा ठरवायचं?"

मग त्यांनी टेबलावरून एक कागद ओढला. वहीतलं पान पट्टीने सरळ फाडलेलं, पेन्सिलीने रेघा आखलेल्या. तक्रार कधी आली, काय तपासलं, काय आढळलं. त्यांच्या कंपनीत मीटरची तपासणी झाली की अशी चिठ्ठी लिहीत आणि तिच्यावर दोन सह्या लागत, तक्रार करणाऱ्याची आणि तपासणाऱ्याची. दोन्ही झाल्याशिवाय तक्रार मिटत नसे. त्यांनी आपली सही आधीच केली होती, बारीक आणि सरळ. शेवटचा रकाना मोकळा होता.

त्यांनी पेनाचं टोपण काढून पेन माझ्यापुढे ठेवलं.

"ताई, तपासणी तुम्ही केली होती. इथे लिहा, फोन बरोबर होता. आणि खाली सही करा."